सल्ला : चाड्यावरच्या मुठीपासून सुरुवात करा

*ताई, नमस्कार. माझं वय त्रेसष्ट. औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. शाळा सातवीपर्यंत. पंधराव्या वर्षी लग्न होऊन इथं आले. साडेतीन एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी, एवढ्यावर आम्ही दोन मुलं आणि एक मुलगी शिकवली. दिवाळीला मुलीनं दोनशे पानी वही आणून दिली. म्हणाली, आई, तुझं आयुष्य लिहून काढ. चार महिने झाले, वही पेटीत कोरीच आहे. थोरला म्हणतो, घरातलं चव्हाट्यावर कशाला? हे म्हणतात, तुझ्याकडं लिहिण्यासारखं आहे तरी काय? मलाही तसंच वाटतं. शेण, चूल, खुरपं, रोजचं तेच. शिवाय काही गोष्टी लिहू का नको कळत नाही. सासूबाईंनी लई सोसायला लावलं, पण त्या आता नाहीत. पहिली मुलगी सात महिन्यांची होऊन गेली, तिचं नाव घरात कुणी काढत नाही. वडील वारल्यावर २००२ साली धाकट्या भावाला हक्कसोड करून दिली, ती सही अजून डोळ्यांपुढं येते. बहात्तरच्या दुष्काळात आई खडीवर जायची, तेव्हा ह्याच भावाला कडेवर घेऊन मी दिवसभर बाभळीखाली बसायची. आमच्या पेरणीला चाड्यावर मूठ मात्र माझीच असायची, एवढं गावातले म्हातारे अजून म्हणतात. असल्या बाईनं काय लिहावं? नाव छापू नका.*

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. वर जागेपुरतं थोडक्यात दिलंय. मी ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन बसले. पत्रात 'आम्ही' जागोजागी आहे. आम्ही विहीर पाडली, आम्ही म्हैस घेतली, आम्ही पोरांना लातूरला खोली करून दिली. 'मी' शोधावा लागतो, आणि सापडतो तो बहुतेक 'मी अडाणी', 'मी काय सांगणार', 'मला काय कळतंय' अशा ओळींत. फक्त दोन ठिकाणी तो ताठ उभा आहे. एक, बाभळीखाली भावाला घेऊन बसलेली मुलगी. दुसरी, 'मूठ मात्र माझीच असायची.'

ती दुसरी ओळ वाचून मी थांबले. वही कुठून उघडायची ते तुम्हीच सांगून टाकलंय, तुमच्या ध्यानात आलं नाही इतकंच.

लहानपणी मामाच्या गावी मी मृगाची पेरणी पाहिलीय. तिफण, म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औजार, बैल ओढतात, मागं बाई चालते, ओटीत बी. तिफणीवर बी सोडायची वाटी असते, ते चाडं. चाड्याच्या तोंडावर तिची मूठ असते आणि बोटांच्या फटीतून दाणे सुटत राहतात. चाड्याला खाली तीन भोकं, तीन नळ्या, तीन तासं. तिन्हींत सारखं बी पडलं पाहिजे. बैल रेंगाळला की हातही रेंगाळला पाहिजे, ढेकळात तिफण उसळली की मूठ क्षणभर आवळली पाहिजे. दाट पडलं तर बी अर्ध्या वावरातच संपायचं. पातळ पडलं तर ओळीत खाडे पडायचे, आणि ते आठ-दहा दिवसांनी उगवून आल्यावर बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायचे. मग नांग्या भरत, म्हणजे त्या रिकाम्या जागी पुन्हा बी लावत बसायचं, आणि तेही बायकांनीच. ज्या बाईची मूठ चांगली, तिला सावडीला, म्हणजे कामाच्या बदल्यात काम म्हणून, शेजारपाजारच्या शेतावर बोलावणं यायचं. घरातली सून कितीही नव्या नवलाईची असो, ओटीत बी भरून तिफणीमागं तिला लगेच कुणी उभं करत नसे, कारण त्या मुठीवर सगळ्या वर्षाचं पोट असायचं.

तुम्हाला ते मुठीचं काम कधी मिळालं? कुणी शिकवलं? पहिल्या दिवशी कुणाच्या डोळ्यांत धाकधूक होती? तिफण कोण हाकत होतं? हात किती दिवस दुखला? आता बहुतेक शिवारांत ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र फिरतं. तुमच्या मुलीनं मूठ धरली नसेल, नातीनं तर तिफणही पाहिली नसेल. चाड्यावर हात कसा ठेवतात हे तुमच्या घरात आता एकट्या तुम्हाला ठाऊक आहे. 'तुझ्याकडं लिहिण्यासारखं आहे तरी काय' असं मालक म्हणाले ना? त्यांनी तिफण हाकली असेल, तर तीन तासांत सारखं बी कसं पडतं हे त्यांनाही तुमच्या वहीत वाचावं लागेल.

पहिल्या पानावर 'माझा जन्म अमुक साली झाला' असं मुळीच लिहू नका. जन्म तुम्हाला आठवत नाही. मूठ आठवते. तिथून सुरुवात करा.

आता 'रोजचं तेच' या शब्दांबद्दल. त्यांनीच चार महिने वही अडवून धरलीय असं मला वाटतं. सरकारनं २०१९ साली पहिल्यांदा देशभर मोजणी केली की माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात. घरातल्या बिनमोबदला कामाला हात लावणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. असं काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं. हा आकडा यायला स्वातंत्र्यानंतर सात दशकं जावी लागली. जनगणनेत तर केवळ घर सांभाळणारी बाई काम न करणाऱ्यांच्या रकान्यात जाते. तुम्ही शेतात राबत होता, तरी जनगणनेला तुमच्या दारी आलेल्या मास्तरांनी 'काय करता?' हे कुणाला विचारलं आणि उत्तर कुणी दिलं, ते एकदा आठवून बघा.

म्हणून मला तुमच्या वहीत एक अख्खा दिवस हवाय. कुठलाही एक निवडा. पोरं लहान होती तेव्हाचा, सुगीतला. पहाटे जाग कशानं यायची, कोंबड्यानं की सासूबाईंच्या खोकल्यानं? आडाला किती खेपा, चऱ्हाट हातात किती जड? धार काढताना तान्हं कुठं ठेवायचात? शेतावर जाताना डोक्यावर काय, कडेवर काय, हातात काय? काढणीला ओळ कुठल्या टोकाकडून धरायची? रात्री शेवटचा दिवा कोण विझवायचं? प्रत्येक कामापुढं अंदाजानं वेळ टाका. घड्याळ नव्हतं तर 'उन्ह आडव्यावर आलेलं' असं लिहा. दहा पानं सहज भरतील. मग ती पानं थोरल्याला वाचायला द्या. त्याला चव्हाट्याची भीती वाटते कारण वहीत भांडणं येतील असं तो धरून चाललाय. त्याची आई एका दिवसात किती चालायची हे त्यालाही माहीत नसेल.

तारखांना अडू नका. तुमच्याकडं कॅलेंडर नव्हतं, पण खुणा भरपूर आहेत. बहात्तरचा दुष्काळ एक. इंदिराबाई गेल्या ते १९८४ साल दुसरी. आणि तुम्ही औसा तालुक्यातल्या, तेव्हा तिसरी खूण सांगायलाच नको : ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी आणि किल्लारीचा भूकंप. तुम्ही लिहिलंय की माळवदाची ओसरी कोसळली आणि तुम्ही तिन्ही पोरांना ओढत अंगणात आलात. त्या वेळी हात कुणाचा आधी धरलात हे तुम्हाला आठवतंय, हे मी पैजेवर सांगते. या तीन खुंट्या ठोका आणि बाकीचं त्यांना अडकवत चला. 'भूकंपाच्या आधी दोन वर्षं, बोअर घेतला त्या उन्हाळ्यात' एवढं सांगितलं की पुरे, कुठल्या मजकुराला तारीख लागत नाही.

सासूबाईंचं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आपल्याला शिकवलंय आणि त्यात माया आहे. पण खोटंही बोलू नये हेही त्याच घरात शिकवलंय. माझं म्हणणं एवढंच की त्यांना नावं ठेवू नका आणि त्यांना वाचवूही नका. घडलं ते लिहा. 'सासूबाई फार कडक होत्या' या ओळीनं त्यांचंही काही कळत नाही आणि तुमचंही. 'बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी मला खुरपायला पाठवलं आणि संध्याकाळी स्वतः माझे पाय चेपले' असं काही घडलं असेल तर ते तसंच लिहा, मग वाचणाऱ्यानं काय ते ठरवावं. आणि त्यांचं लग्न कितव्या वर्षी झालं होतं, त्यांच्या सासूनं त्यांना काय सोसायला लावलं, हे त्यांनी कधी चुलीपाशी बोलता बोलता सांगितलं असेल तर त्यालाही एक पान द्या. त्यांची वही कुणी लिहिली नाही. तुमच्या वहीत त्यांना जेवढी जागा मिळेल तेवढीच त्यांच्या वाट्याला येणार आहे.

तुमच्या लेकीबद्दल मी हळू बोलते, ताई. सात महिने म्हणजे ती पालथी पडायला लागली होती, तोंडानं आवाज काढत होती, तुम्हाला ओळखत होती. तिचा विषय घरात कुणी काढत नाही तो तुम्हाला जपण्यासाठी असेल किंवा त्यांना स्वतःला सोसत नाही म्हणून असेल. पण पंचेचाळीस वर्षं तुम्ही ती एकटीनं सांभाळलीय. तिच्यापासून सुरुवात करू नका. हात वहीला सरावू द्या, मूठ लिहून होऊ द्या, तो एक दिवस लिहून होऊ द्या. मग ज्या दुपारी आपोआप तिच्याशी याल, त्या दुपारी थांबू नका. ती गेली कशी हे आधी येईल, कारण तेच मनात रुतून बसलेलं असतं. ते लिहून झालं की पुढच्या ओळीपासून ती जगली कशी ते लिहा. तिला काय आवडायचं, जावळ कसं होतं, कुठल्या लुगड्याच्या झोळीत झोपायची, आणि तिचं नाव. पत्रात तुम्ही तिचं नाव लिहिलं नाहीत. वहीत लिहा. त्या दिवशी घरात मुलगी असेल असं बघा. आणि लिहिल्यावर रात्र रात्र झोप लागेनाशी झाली, छातीत भरून यायला लागलं, तर मनात कुढत बसू नका. सरकारचा टेलि-मानस म्हणून फोन आहे, १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही.

हक्कसोडीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात खोल दुखणं तेच आहे असं वाटतं.

बहात्तर साल, दहा वर्षांची मुलगी. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडतेय. घरात ज्वारी नाही, मिळेल ते मिलोचं, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीचं, तांबडं पीठ आणि कामावर वाटतात ती सुकडी. बाभळीची सावली सरकते तशी ही मुलगी भावाला घेऊन सरकते. तो रडला की आईच्या हातातला हातोडा थांबतो आणि हातोडा थांबला की मजुरी बुडते, म्हणून तो रडू नये हे तिचं काम. त्या कामाच्या हजेरीपटावर आईचं नाव होतं, नावापुढं अंगठा होता. घरातल्या बाईचं नाव आणि तिचं काम एकाच कागदावर आलं असेल तर ते बहुधा त्या मस्टरवरच. तुमचं नाव त्यावरही नव्हतं. त्यानंतर तीस वर्षांनी तुमचं नाव एका सरकारी कागदावर आलं, ते हक्क सोडण्यासाठी.

तुम्ही लिहिता, 'भाऊच आहे, परका थोडाच?' आणि चार ओळींनी लिहिता, 'सही करताना कुणी वाचून दाखवलं नाही.' दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लिहा. राखीला साडी मिळते, माहेरचं दार उघडं राहतं, आजारपणात भाऊ धावून येतो, हे सगळं त्या सहीला बांधलेलं असतं हे खेड्यातल्या प्रत्येक बहिणीला कळतं. म्हणून सही केली यात तुमचा बावळटपणा नाही. पण तुमच्याकडून ती का मागितली गेली, तेही समजून घ्या. हिंदू वारसा कायद्यानं १९५६ पासूनच बापाच्या मागं मुलीला वारस धरलंय. तुमचा हिस्सा होता म्हणूनच तो सोडून द्यायची सही लागली. पुढं २००५ साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला, तिचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलासारखाच जन्मानं हक्क आला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याचीही गरज नाही. पण रीतसर नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र एवढ्यानं आपोआप पुसलं जात नाही, आणि तेवीस वर्षांनी ते मोडून काढणं फार अवघड. मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. तरीही कागद एकदा जाणत्या माणसाला दाखवावा असं वाटत असेल, तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणं बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. जायचं का नाही हे सर्वस्वी तुमच्यावर. मी भावाशी भांडा असंही म्हणणार नाही आणि विसरून जा असंही म्हणणार नाही.

वहीत मात्र तो दिवस पूर्ण येऊ द्या. एसटीनं गेलात की भावाच्या मोटारसायकलवर? तुमच्याबरोबर दुसरी कुणी बहीण होती का? चहा कुणी पाजला? सही केलीत की अंगठा लावा म्हणाले? तुम्ही सातवी शिकलेल्या, सही येत होती. ती कशी झाली, अक्षर कसं आलं? परत येताना भावाशी काय बोललात? आणि जमलं तर बाभळीचं पान आणि सहीचं पान एकापाठोपाठ लिहा, मध्ये काही घालू नका. भावानं ती दोन पानं कधी वाचली, तर त्याला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

आता एक गोष्ट वहीच्या बाहेरची. तुम्ही विचारलेली नाही, पण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. साडेतीन एकरांचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? पत्रात आहे : 'ह्यांच्या. पण हे म्हणतात सगळं तुझंच आहे.' मग त्यांच्या तोंडातलं ते वाक्य कागदावर आणा. लक्ष्मीमुक्ती नावानं शेतकरी संघटनेनं गावोगाव चळवळ केली होती, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावानं जमीन करून द्यावी म्हणून. तुम्ही तेव्हा तिशीच्या आतबाहेर असाल, कदाचित सभेचा भोंगा ऐकलाही असेल. त्यानंतर १९९२ साली राज्य सरकारनं निर्णय काढला की नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर सातबाऱ्यावर त्याच्या नावाबरोबर बायकोचं नाव लावता येतं, आणि त्याला मुद्रांकाचा खर्च नाही. अर्ज तलाठ्याकडं द्यायचा. अट एवढीच की नवरा हयात पाहिजे आणि त्याची राजी पाहिजे. मुलांना आधी सांगा, गुपचूप करू नका. जेवताना सहज विषय काढा : 'तुम्ही म्हणता ना सगळं माझं आहे, मग सोमवारी तलाठ्याकडं जाऊ या.' ते काय म्हणतात, ते रात्री वहीत लिहा. दोन्हीकडून वहीचं भलंच.

थोरल्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गावात राहायचं तर गावाचं भान ठेवावं लागतं, आणि घरात सुना आहेत, पुढं नातवंडांच्या सोयरिकी आहेत. पण वही लिहिणं वेगळं आणि वाचायला देणं वेगळं. वही तुमची, पेटी तुमची, किल्ली तुमच्या कमरेला. कोणाला कधी दाखवायची हे तुम्ही ठरवायचं, मुलीनंही नाही. तिला तसं आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर ती उत्साहात चार जणींना पाठवून बसेल. आणि एखादं पान तुम्ही असेपर्यंत कुणी वाचू नये असं वाटलं तर फाडू नका. तुम्हाला गोधडी शिवता येते. ते पान दुमडा आणि कडेनं दोरा घालून धावदोरा मारून टाका. ज्याला उद्या ते उसवावं लागेल तो चार वेळा विचार करूनच उसवील.

भाषेची काळजी सगळ्यात कमी करा. 'शुद्धलेखन येत नाही' हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. 'लई', 'व्हय', 'म्हनलं', जसं तोंडात येतं तसं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या शेतात आणि घरात काम करता करता गात गेल्या आणि मुलानं, सोपानदेवांनी, ती गाणी उतरवून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं, त्यांच्याच खानदेशी बोलीत. ती बोली सुधारून घेतली असती तर आज आपल्याकडं काय उरलं असतं? मुलीला हे वाचून दाखवा. वही पुढं कधी टाइप करायला घेतलीच, तर आईचा एक शब्दही तिनं पुस्तकी करू नये.

हात दुखला, डोळ्यांना त्रास झाला तर मोबाइलवर बोला. नातवंडांपैकी कुणीतरी रेकॉर्डिंग लावून देईल. बोलताना गाडी अडली तर आईच्या ओव्या म्हणा. तुमच्या लहानपणी पिठाची गिरणी आली असेल-नसेल, पण आईनं जातं ओढलंय आणि तुम्ही मांडीवर डोकं ठेवून ते ऐकलंय, असं तुम्हीच लिहिलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ आहे, माहेर आहे, सासू आहे, गेलेलं लेकरू आहे, पाऊस आहे. 'रोजचं तेच' म्हणून ज्या गोष्टी तुम्ही बाजूला ठेवल्यात, त्याच सगळ्या. त्या बायकांनी दळताना जे गायलं, ते तुम्ही बसून लिहायचं आहे एवढाच फरक. आईची एखादी ओवी तुम्हाला पाठ असेल आणि ती कुठं छापलेली नसेल, तर ती वहीत आधी उतरवून घ्या. ती तुमच्याबरोबर जाता कामा नये.

वही कशी लिहायची तेही सांगते, कारण पुष्कळ जणी इथं अडतात. उजव्या पानावरच लिहा, डावं पान कोरं सोडा. आज मूठ लिहाल, परवा धार काढताना आठवेल की त्या साली बी कमी पडलं होतं आणि शेजारणीकडून पायलीभर उसनं आणलं होतं. ते डाव्या पानावर लिहायचं. खोडाखोड झाली तर होऊ द्या. दुपारी जेवणं उरकली आणि म्हशी पाणी पिऊन सावलीला बसल्या की पाऊण तास तुमचा. त्या वेळी कुणी हाक मारली तर 'आले' म्हणायच्या आधी हातातली ओळ पुरी करा. सुरुवातीला जड जाईल. आयुष्यभर तुम्ही अर्ध्यातून उठत आलात.

'आम्ही' ऐवजी 'मी' लिहायला हात धजणार नाही हेही मला दिसतंय. विहीर पाडताना खाली सुरुंग कुणी लावले ते लिहा, आणि वर डालग्यानं माती कुणी वाहिली ते पुढच्या ओळीत लिहा. जे तुमच्या हातून झालं तिथं 'मी', जे दोघांनी केलं तिथं 'आम्ही'. मालकांचं श्रेय त्यात तसूभर कमी होत नाही.

पाडवा झाला की उन्हं वाढतील आणि मृगापर्यंत शेतात फारसं काम नाही. पहिलं पान तेवढ्यात होऊन जाईल. कुठलं साल, पाऊस कसा होता, ओटीत ज्वारी होती का तूर, मूठ तुमच्या हाती कुणी दिली आणि काय म्हणून दिली. तिफणीला बैल कुठले होते, त्यांची नावंही लिहा.